दरड पडली की नाही?

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत माणूस एकदा आडवा झाला आणि तोंडात कापसाचे बोळे बसले, की त्याला काहीही ऐकवावं. तो हूं की चूं करू शकत नाही. मदतनिसाने कापूस भरून ठेवला आणि जपानीबाईंचं तसंच झालं. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, तोंडात डोकावण्याआधी चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला आरसा तसाच धरून ओरडले, “मॅडम! तुम्ही! ओळखलंत का? मी तुमचा विद्यार्थी!” आणि उत्तराची वाट न बघता जपानीत सुरू झाले. मी विद्यार्थी आहे. आमच्या घरी चार माणसं आहेत. मला पोहायला आवडतं. इथपर्यंत स्वारी भरधाव होती. पुढे घोडं अडलं.

“छान,” कापूस निघाल्यावर बाई म्हणाल्या. “पोहायला कुठे जाता?”

“छे छे! पाण्याची भारी भीती वाटते मला. धड्यात होतं म्हणून पाठ केलं.”

बाई हसल्या, बधिर गालाने हसता येतं तेवढं. पण घरी चालत जाताना ते हसू ओसरलं. डॉक्टरांचे कानांवरचे केस पिकले होते आणि जपानीत मात्र ते अजून विद्यार्थीच होते. बँकेच्या खिडकीतली बाई तशीच. औषधाच्या दुकानातला गोलमटोल मालक तसाच. कुठेही भेटले की चेहरा फुलायचा, तीन वाक्यं बाहेर पडायची आणि झाडून सगळ्यांना पोहायला आवडायचं. इतक्या वर्षांत बाईंनी गावभर पोहणारे पेरून ठेवले होते, आणि वाचणारा एकही उगवला नव्हता.

जपानीबाई काही जपानी नव्हेत. विद्यापीठाच्या भाषा इमारतीत वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत त्या जपानी शिकवत. कुठल्याही शाखेच्या मुलांनी यावं, दोन वर्षं बसावं, आपल्या मूळ विषयाकडे परत जावं आणि शिकलेलं यथावकाश विसरावं, असा तो ऐच्छिक विषय. बाई लहान चणीच्या, चालायला चपळ, बोलायला त्याहून चपळ. चष्मा साखळीला बांधून गळ्यात, तरी दिवसातून एकदा हरवायचाच. शिकवण्यात मात्र तसूभर ढिलाई नाही. शब्दांची यादी, मग पाठांतर, मग मोठ्याने वाचन, मग परीक्षा. छापलेलं जपानी म्हणजे त्यांच्या लेखी ब्रह्मवाक्य. त्यावर कुणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे.

खरं तर जपानी वाचायला त्या स्वतः शिकल्या, त्या वर्गापेक्षा दुकानात जास्त. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात जपानी टेपरेकॉर्डर यायचे, सोबत जपानी माहितीपुस्तिका यायच्या, आणि वडील त्या उलट्यासुलट्या धरून कपाळावर हात मारायचे. शेवटी त्यांनी लेकीलाच संध्याकाळच्या जपानीच्या वर्गाला घातलं. संस्कृतीबिंस्कृती असलं काही मनात नव्हतं. तार कुठली कुठे जाते ते सांगायला घरचं माणूस हवं, एवढाच हिशेब. वडिलांचे दोन्ही हात यंत्राच्या पोटात असायचे आणि मुलगी शेजारी स्टुलावर पुस्तिका उघडून बसायची. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं की वडील वैतागायचे. “अगं, पुराण सांगू नकोस. तार शोध!” मग ती आधी विचारायला शिकली, “बाबा, काय शोधू?” पुढे दुकान बंद झालं, मुलगी शिकत शिकत विद्यापीठात पोचली, आणि स्टूल, तारा सगळं मागे राहून गेलं.

दाढ उपटल्याच्या दुसऱ्याच दिवशी डीनबाईंचं बोलावणं आलं. डीनबाई म्हणजे शाखाप्रमुख; गोड बोलून कठीण गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी चहा मागवला तेव्हाच जपानीबाईंनी ओळखलं, की दाल में कुछ काला म्हणतात तो प्रकार आहे.

“मॅडम, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो,” डीनबाई म्हणाल्या. “पण मला सांगा, मुलं दोन वर्षं जपानी शिकतात, त्याचं पुढे करतात काय?”

“पोहतात,” असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, “विसरतात.”

“तेच ना. वर्षअखेर हा विषय बंद करायचा विचार चाललाय. तुम्हाला आपण परदेशी विद्यार्थ्यांच्या चौकशीच्या खिडकीवर बसवू. खोली छान आहे, पंखा नवा आहे.”

नव्या पंख्याखाली बसून बाई लोकांना प्रसाधनगृह कुठे आहे ते सांगताहेत, असं चित्र त्यांना स्वतःलाच दिसलं आणि चहा कडू लागला. नोकरी जाणार नव्हती. वर्ग जाणार होता. एक तरी माणूस आपल्या हाताखालून असं जावं, की जे आपण समोर नसतानाही, स्वतःच्या गरजेने जपानी पान उघडेल, ही त्यांची एवढीच हौस होती, आणि ती पुरी व्हायच्या आत दुकान बंद होत होतं.

त्याच आठवड्यात चिखलसर जिने चढून वर आले. हे स्थापत्य विभागाचे. डोंगरउतार आणि दरडी हा त्यांचा विषय. पँटच्या घोट्याशी कायम वाळलेला चिखल, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांनी स्वतःही आनंदाने स्वीकारलं होतं. काखेत एक जाडजूड जपानी ग्रंथ होता. तो त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा धूळ उडाली आणि दोघंही शिंकले.

“बाई, आमच्या ग्रंथालयात याचं एक कपाट भरलंय. दरडींचे अहवाल. त्या लोकांनी डोंगर न् डोंगर मोजून ठेवलाय हो! मी वर्षानुवर्षं नुसती चित्रं बघतोय. खाली काय लिहिलंय ते कळत नाही. जीव असा तीळ तीळ तुटतो, की काय सांगू. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तुमच्याकडे जपानी शिकून गेलेली आहेत. आठवड्यातला एक तास मी तुम्हाला देतो. तिथे हे वाचू या का?”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर आख्खं कपाट चालून आलं होतं. बाई त्याच पावली डीनबाईंकडे गेल्या. डीनबाईंनी ऐकून घेतलं आणि एक सत्र दिलं. सत्राच्या शेवटी त्या स्वतः येऊन बघणार, आणि मग काय ते ठरवणार.

पहिल्या तासाची बाईंनी अशी तयारी केली, जणू घरचं कार्य आहे. एका अहवालाची दोन पानं निवडली, त्यातल्या शब्दांची चार पानी यादी केली, प्रत्येक चिन्हाचा उच्चार लिहिला, अर्थ लिहिला. मुलांनी एकामागून एक उठून वाचलं. कुठे अडखळलं की बाई पुढे ढकलत होत्या. तास संपताना शेवटचं वाक्य वाचून झालं, बाईंच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. चिखलसर मागच्या बाकावर डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले आणि भोळेपणाने विचारलं,

“वा! मग दरड पडली की नाही?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग यादीकडे, मग बाईंकडे. बाईंनी पानाकडे पाहिलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. वाक्यांत तिळभर अडचण नव्हती. आणि दरड पडली की नाही ते त्यांनाही सांगता येईना. रात्रभर रामायण आणि सकाळी रामाची सीता कोण, त्यातली गत.

पहिल्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला, आणि बाईंनाही हसू आवरेना. चिखलसर पुढे आले. पानातल्या एका आकृतीवर, जिला बाईंनी चित्र म्हणून सोडून दिलं होतं, त्यांनी बोट ठेवलं. एक तुटक रेघ डोंगराच्या पोटातून गेली होती. “ही रेघ बघा. पडली. चांगली अर्धा डोंगर घेऊन पडली.” एक अक्षर जपानी न येणाऱ्या माणसाला गोष्ट कळली होती, आणि जपानीचा वर्ग कोरडाच राहिला होता.

बाईंचा एक गुण होता. फजिती झाली की त्या रुसून बसत नसत, कामाला लागत. पुढच्या सोमवारी चिखलसर आपल्या विषयाच्या तासाला आले, तर शेवटच्या बाकावर जपानीबाई वही उघडून हजर.

“बाई, तुम्ही?”

“आंधळ्या-पांगळ्याची जोडी आहे आपली. निदान आंधळ्याने थोडं तरी बघायला शिकावं.”

मुलांना ही पर्वणीच झाली. आपल्याला यादी पाठ न झाल्याबद्दल झापणाऱ्या मॅडम आपल्याच शेजारी बसून मातीचं गणित चुकताहेत, याहून मोठं सुख नाही. पहिल्या चाचणीत बाईंना भोपळा मिळाला. निकाल लागला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. एकाने तर फळ्यावर सुरेख भोपळा काढला, देठासकट. बाईंनी तो पुसू दिला नाही.

घरी त्यांचे यजमान होते. शाळेत पीटी मास्तर म्हणून आयुष्य काढलेले, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटलेली नव्हती. बाईंनी अंगणात धुण्याचा टब आणला, त्यात वाळू आणि मातीचा तिरका ढीग रचला आणि मास्तरांच्या हातात झारी दिली.

“अहो, वरून पाणी घाला. हळू. पाऊस पडल्यासारखं.”

“अगं, या वयात मातीत खेळायचं?”

“खेळत नाही, अभ्यास करतेय. घाला.”

मास्तर पाणी घालत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. वर सगळं कोरडं ठाक दिसत होतं, पाणी मुकाट आत जिरत होतं. आणि मग एकाएकी, कुणी धक्का दिलेला नसताना, ढिगाची अख्खी एक बाजू घसरून टबाच्या तळाशी आली. मास्तरांनी सवयीने जोरात शिट्टी फुंकली. शेजारची मंडळी गॅलरीत धावली. बाई चिखलाने माखलेले हात वर करून ओरडत होत्या, “पडली! आतून पाणी साठलं म्हणून पडली!”

त्या दिवशी त्यांनी पहिल्या तासाचं ते पान पुन्हा उघडलं. आता त्यांना माहीत होतं, की आपल्याला त्यात पाणी शोधायचंय. नजर सरळ त्या ओळीवर गेली. बाकीचं पान जणू बाजूला सरकलं. आणि तिथे, चिखलाचे हात टॉवेलला पुसत असताना, इतक्या वर्षांनी बाबांचा आवाज कानात आला. पुराण सांगू नकोस, तार शोध. बाई टबाशेजारीच खाली बसल्या आणि त्यांना रडू आलं. आपण स्वतः ज्या वाटेने वाचायला शिकलो, ती वाट सोडून आपण पोरांना जन्मभर यादीच्या वाटेने हाकत राहिलो, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांना त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. त्यांनी चहा टाकला.

मग त्या तासाचा रंग पालटला. याद्या गेल्या. बाईंनी मुलांच्या जोड्या लावल्या. ज्याला जपानी येत नाही त्याने विचारायचं, ज्याला येतं त्याने शोधायचं. आधी मजकूर कोऱ्या कागदाने झाकायचा आणि फक्त आकृती उघडी ठेवायची. काय झालं असेल, दरड पडली की नाही, पडली तर कशाने, यावर प्रत्येक जोडीने पैज लावायची. मग कागद उचलायचा आणि मजकुरात पुरावा शोधायचा. हरणाऱ्या जोडीने प्रयोगशाळेतली मातीची काचपेटी धुवायची. ती धुणं म्हणजे कोपरापर्यंत चिखल, त्यामुळे मुलं अशी जीव तोडून वाचायला लागली, की बाई बघतच राहिल्या. निम्मी चिन्हं येत नसलेला पोरगा डोंगर ओळखीचा असल्यामुळे अर्थ काढायचा. ज्याला एकही चिन्ह येत नव्हतं तो जोडीदाराच्या मानेवर बसून विचारायचा, “पाणी कुठून आलं ते बघ ना! तेवढं बघ!” हळूहळू त्यालाही ‘पाणी’ आणि ‘माती’ ही चिन्हं ओळखता यायला लागली, कुणी न शिकवता. आणि दुसऱ्या चाचणीत बाई काठावर पास झाल्या. फळ्यावरच्या भोपळ्याला मुलांनी पाय काढले आणि तो पळून जाताना दाखवला.

या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव पडलं होतं शंकासुर. तिला कशाचीही शंका यायची. दाराला कडी डावीकडेच का, इथपासून सुरुवात. एके दिवशी ती अहवालातल्या एका तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, इथे लिहिणाऱ्याने चूक केलीय.”

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. सगळं बदललं तरी ब्रह्मवाक्य तसंच होतं. “तुमचं जपानी अजून कच्चं आहे,” त्या फटकन म्हणाल्या. “आधी नीट वाचा. छापणाऱ्यांना काय कळत नाही?”

शंकासुरने पुन्हा वाचलं. चूक तिचीच होती. ती गोरीमोरी झाली आणि खाली बसली. त्यानंतर तिने शंका काढणंच बंद केलं. पैजेत ती दुसऱ्यांच्या मागे मान हलवायला लागली. तो आवाज नसला की तास अळणी वाटायचा, पण बाईंना कारण उमगत नव्हतं. चिखलसरांनी ते काचपेटीची काच पुसता पुसता सांगितलं.

“बाई, पोरगी चुकली, हे खरं. पण तुम्ही तिला चुकली म्हणून बोलला नाहीत. शंका घेतली म्हणून बोललात.”

“पण सर, इतक्या मोठ्या लोकांच्या अहवालात चुका असतात?”

“माझ्याच पुस्तकात आहेत की. दोन तर मी माहीत असून तशाच ठेवल्यात, कोण वाचतं ते बघायला. अजून एकही माणूस विचारायला आलेला नाही.”

बाईंना रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंकासुरला जिन्यात गाठलं आणि आडवळणं न घेता सांगितलं, “त्या दिवशी माझं चुकलं. पुस्तकाची बाजू घ्यायला पुस्तक समर्थ आहे. तुम्ही विचारत जा. चुकलात तर पेटी धुवाल, आणखी काय होणार?”

शंकासुर म्हणाली, “मॅडम, एक शंका आहे. पेटी नेहमी आम्हीच का धुवायची? तुम्ही हरलात तर?” बाई त्या आठवड्यात हरल्या आणि त्यांनी पेटी धुतली.

सत्र सरलं. डीनबाईंचा यायचा दिवस ठरला आणि सोबत त्यांचा निरोपही आला. कपाटातला कुठलाही खंड त्या स्वतः उघडतील, स्वतः पान काढतील. चिखलसरांना जपानी येत नाही, तेव्हा त्यांनी आत बसायला हरकत नाही, मात्र तोंडाला कुलूप. जपानीबाई बाहेर. “ते खरंच वाचत असतील,” डीनबाईंनी म्हटलं होतं, “तर तुमच्याशिवाय वाचतील. हो की नाही?”

गंमत म्हणजे अट त्यांच्याच मनातली होती. जन्मभर त्यांना हेच हवं होतं. फक्त ते असं बंद दाराआड होईल, असं वाटलं नव्हतं.

वर्गाबाहेरच्या बोळात एक लाकडी बाक होता. त्यावर बाई बसल्या. शेजारी मास्तर बसले, हातात चहाचा थर्मास. ते बायकोला धीर द्यायला आले होते आणि स्वतःच पाय हलवत होते.

“सामना सुरू झाला की शिकवणाऱ्याने रेषेबाहेरच राहायचं असतं,” मास्तर म्हणाले.

“अहो, कळतंय मला. पाय हलवू नका, बाक हलतोय.”

आत आधी काहीच ऐकू येईना. कागदाची सळसळ, खुर्ची सरकल्याचा आवाज, पुन्हा शांतता. बहुतेक चिन्हं अडली. एवढी शांतता म्हणजे चिन्हंच अडली. त्यांनी दाराला कान लावायला उठावं, आणि मास्तरांनी हात धरून बसवावं, असं दोनदा झालं. मग आत कुणीतरी हसलं. मग दोघं एकदम बोलायला लागले, मग चौघं. “पाइप!” असा एक शब्द आला. “आधी की नंतर? तारीख बघ, तारीख!” असं कुणीतरी ओरडलं. त्यातच डीनबाईंचा गोड आवाज आला, “अहो, आधी मला सरळ भाषांतर तर सांगा,” आणि त्यावर एका पोराचं उत्तर, “भाषांतर मग करू मॅडम, आधी हे भांडण मिटू दे!”

बाईंनी कपाळावर हात मारला. “संपलं. आता नवा पंखा.”

तेवढ्यात शंकासुरचा आवाज आला, पहिल्यासारखा, दाराच्या फटीतून थेट बोळात. “मला हे पटत नाही! अजिबात पटत नाही!”

आणि दार धाडकन उघडलं. अख्खा वर्ग बाहेर लोटला. कुणाच्या हातात खंड, कुणाच्या हातात कागद, सगळे एकाच वेळी बोलताहेत, आणि मधोमध डीनबाई, केस विस्कटलेले, हात नाचवत. “अरे, पण डोंगरात निचऱ्याचे पाइप बसवल्यावरच आतलं पाणी उतरलं ना? लिहिलंय ना तसं?” “लिहिलंय हो मॅडम, पण आकृतीत बघा, पाइप बसवायच्या आधीच उतरायला लागलंय!” मागून चिखलसर, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून आनंद सांडतोय. हा सगळा लोंढा प्रयोगशाळेच्या जिन्याकडे निघाला. बाकाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. कुणाचा पाय पडू नये म्हणून बाईंनी स्वतःचे पाय बाकाखाली ओढून घेतले. त्यांच्यासमोरून त्यांचा वर्ग त्यांना न बघता निघून चालला होता, हातात जपानी पान घेऊन, स्वतःच्या गरजेने. असा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता. त्या उठल्या आणि त्यांच्या पाठीवर ओरडल्या,

“अरे, पण दरड पडली की नाही?”

शंकासुर जिन्याच्या तोंडाशी वळली. “नाही पडली, मॅडम! पण का नाही पडली, ते लिहिणाऱ्यालाच कळलेलं नाही!”

पूर्वी असं कुणी बोललं असतं तर बाईंनी त्याला उभं चिरलं असतं. आज त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली आणि फुंकली.

त्या खाली पोचल्या तेव्हा काचपेटीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. उतार रचून झाला होता. पाइप म्हणून कुणाच्या तरी पेनच्या रिकाम्या नळ्या टोचल्या होत्या. झारी खुद्द डीनबाईंच्या हातात होती आणि त्यांच्या उंची बाह्या कोपरापर्यंत मातीत गेल्या होत्या. त्यांनी पेटीवरची नजर न काढता विचारलं, “मॅडम, पुढच्या सत्रात याचे दोन तास करता येतील का? एकात काही पुरं होत नाही.”

“आणि खिडकी?”

“कसली खिडकी? थांबा हो जरा, पाणी आत शिरतंय.”

बाईंनी गर्दीत खांदा घालून कशीबशी जागा केली. शंकासुर पेटीत वाकलेली होती, दोन्ही हात मनगटांपर्यंत चिखलात. तिने मान वर न करताच शेजारी उघडा पडलेला खंड कोपराने सरकवला.

“ए, कुणीतरी ती खालची बारीक टीप वाचा ना. माझे हात भरलेत.”

कोणाला सांगतेय, हे तिला माहीत नव्हतं. बाईंनी खंड उचलला. पान धरायला चिमूटभर जागा तेवढी स्वच्छ होती.

“काय शोधू?” बाईंनी विचारलं.

“पाऊस,” शंकासुर म्हणाली. “त्या वर्षी कमी पडला होता का, तेवढंच.”

बाईंनी गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि शोधायला लागल्या.